बारकीची भट्टी

९ जून

बारके,

आप्पा सुखरूप पोचले. गुडघे ठीक आहेत. तू दिलेली बॅग, बॅगेतली औषधं, औषधांवर चिकटवलेल्या तुझ्या चिठ्ठ्या, सगळं पोचलं. एवढं कळवायला फोन पुरला असता, हे मलाही कळतं. पण फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस आणि तुझं ते 'हं' ऐकलं की माझा आवाज चढतो. कागदावर निदान खोडता तरी येतं. आपल्याकडे काम देणाऱ्या त्या पंपाच्या कंपनीचा, पंपवाल्यांचा, टेम्पो हल्ली तुमच्या बाजूला येतो म्हणे. कशाला येतो ते मी विचारलं नाही. टेम्पोवाल्याच्या हाती हे देते आहे.

तुझ्याकडे महिनाभर राहून आलेले आप्पा मला ओळखू येईनात. आल्या आल्या, चपला काढायच्या आधीच सुरू झाले. "अगं, बारकीची भट्टी म्हणजे नुसतं बंद पिंप! धूर नाही, वास नाही. लोखंड आतच लाल होतं, आणि मग निववायला आतल्या आत त्याच्यावर वारा सोडतात. नायट्रोजनचा वारा! दार उघडलं की जॉब, म्हणजे तापवलेले भाग, कसे, रुप्यासारखे. धुवायला नकोत, पुसायला नकोत."

मी म्हटलं, "आप्पा, आधी पाणी घ्या."

तर म्हणाले, "तिथे पाणीसुद्धा बटण दाबलं की येतं."

इथवर मी हसून घेतलं. म्हातारा माणूस आहे, नवीन काही पाहिलं की बोलणारच. खरं दुखलं ते दुसऱ्या दिवशी. कारखान्यात यायचा हट्ट धरला म्हणून मी त्यांना घेऊन गेले, तेलाच्या टाकीपासून जरा लांब खुर्ची टाकून दिली. नेमकी तेव्हाच गिअरची खेप भट्टीतून निघत होती. क्रेनने जाळी उचलली, लालभडक, टाकीवर आणली आणि तेलात सोडली. तोच चर्र आवाज, तोच धुराचा लोट. आपण दोघी त्या धुरातच वाढलो. आणि आप्पांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

बारके, रुमाल लावला! ज्यांच्या कपड्यांसाठी आईने जन्मभर वेगळी बादली ठेवली, ज्यांच्या उशीलासुद्धा टाकीतल्या तेलाचा वास यायचा, त्यांनी. रुमाल तू दिलेला होता हे सांगायला नकोच. कोपऱ्यात निळं फूल आहे.

तुझे भावोजी म्हणतात, वय झालं, सोसत नसेल. त्यांना काय! शाळेत पोरांना कवायत शिकवणारा माणूस, त्यांचा धुराशी संबंध नाही. मला माहीत आहे आप्पांना काय सोसलं नाही ते. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

चार वर्षांपूर्वी तू सगळ्या कामगारांसमोर मला म्हणालीस, "ताई, तुला नव्या भट्टीची भीती नाही. नवी भट्टी आली तर तुला कोण विचारेल, याची भीती आहे." आणि तुझी पेटी उचलून निघून गेलीस. त्या वेळी आप्पा मान खाली घालून गप्प बसले होते. मला इतकी वर्षं वाटत होतं की ते माझ्या बाजूने गप्प बसले. आता शंका येते.

असो. चष्मा तुझ्याकडे राहिला आहे, काळ्या काड्यांचा. टेम्पोवाल्याकडे दे.

ताई


२४ जून

बारके,

चष्मा मिळाला. बरोबर पत्र पाठवशील असं वाटलं नव्हतंच.

टेम्पो कशाला येतो ते कळलं. मी विचारलं नाही, टेम्पोवाल्यानेच सांगितलं. त्या माणसाच्या पोटात चहासुद्धा टिकत नाही, तिथे बातमी कुठे टिकणार? पंपवाल्यांच्या पातळ रिंगांची निम्मी खेप तुझ्याकडे, निम्मी माझ्याकडे. दोघींच्या शेजारी शेजारी ठेवून बघणार आहेत म्हणे. पंपवाल्यांचे जुने साहेब निवृत्त झाले, त्यांच्या जागी तपासणीला एक तरुण मुलगी आली आहे, जाड चष्म्याची. तिच्या डोक्यातलं हे. मला तिने एका शब्दाने सांगितलं नाही.

तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे: त्या रिंगा तेलात वाकतात. पाटल्यांसारख्या पातळ. तापवून तेलात टाकल्या की आधी त्यांच्याभोवती वाफेचं पांघरूण बसतं, मग ते कुठे आधी फाटतं, कुठे नंतर. जिथे आधी फाटतं तिथे रिंग आधी निवते आणि ओढली जाते. गोल आत जाते, अंड्यासारखी बाहेर येते. मग आपण ती दाबून सरळ करत बसतो. आप्पांच्या काळापासून हे असंच चाललं आहे आणि पंपवाल्यांनी कधी तक्रार केली नाही. तुझ्या वाऱ्यात उकळणं नाही, पांघरूण नाही, सगळीकडून सारखी निवते, हे आप्पांनी मला दिवसातून दोनदा ऐकवून झालं आहे. "किती दाबाने वारा मारतात माहीत आहे का?" असंही विचारतात, जणू तो दाब त्यांनीच शोधून काढला.

किती दाबाने मारता, सहज विचारते. सांगायचं नसेल तर नको सांगूस.

पण तेलातही अक्कल असते, बारके. रिंगा आडव्या न ठेवता उभ्या टांगल्या तर? तेल जरा गरम ठेवलं, तेल ढवळणारा टाकीतला पंखा हळू फिरवला तर? मी नवी जाळी बनवून घेतली आहे. आठवडाभर त्याच्याच मागे आहे. वेल्डरने तीनदा कटकट केली, मी चारदा बनवून घेतली. कामगार म्हणतात, एवढी मेहनत ताईंनी लग्नातसुद्धा घेतली नव्हती. तुझे भावोजी तिथेच उभे होते, तेही हसले.

अक्षर वाकडं आलं असेल. उजव्या हाताला जरा पोळलं आहे. काही विशेष नाही.

आप्पांनी तुझ्या भट्टीचा फोटो त्यांच्या खोलीत लावला आहे. भिंतीवर आजवर फक्त आई होती. आता आई आणि तुझी भट्टी.

ताई


१२ जुलै

बारके,

काल तू मला भेटलीस, त्याला भेट म्हणायची असेल तर.

पंपवाल्यांची ती तपासणीची खोली, तो पांढरा दिवा, ते लांब टेबल. मी घरून निघताना साडी बदलली होती, तरी आत गेल्यावर मला माझ्याच अंगाचा तेलाचा वास आला. आणि तू बसली होतीस, केस कापलेले, पांढरा कोट, खिशाला पेन. किती वाळलीस! हे मी मनात म्हटलं, तोंडाने म्हटलं नाही. तोंडाने मी म्हटलं, "उशीर झाला का?" आणि तू म्हणालीस, "नाही, बसा ना." बसा! मला! मी तुझी वेणी घातली आहे, गाढवे.

नंतर जे झालं ते तू पाहिलंसच, पण मी कसं पाहिलं ते तुला कळलं नसेल, म्हणून लिहिते.

ती चष्मेवाली एकेक रिंग उचलून गोलाई मापायच्या त्या लोखंडी ठोकळ्यावर बसवत होती. तुझ्या रिंगा सुळकन खाली जात होत्या. एक, मग दुसरी, मग तिसरी. मी मनात म्हणत होते, आता अडकेल, आता अडकेल. एकही अडकली नाही. मग मी म्हटलं, ठीक आहे, गोल असतील, पण मऊ असतील. वारा तो वारा, तेलाइतका झटका त्याला कुठून येणार? हार्डनेस बघताना मी मनात घोकत होते. मऊ निघू दे, मऊ निघू दे. पातळ रिंग आणि चांगलं लोखंड, तिला वाऱ्याचा झटकाही पुरतो, हे मला माहीत होतं. तरी मी म्हणत होते. काटा बरोबर जागेवर थांबला.

मग माझ्या रिंगा. नव्या जाळीतल्या, उभ्या टांगलेल्या. पहिली गेली. दुसरी गेली. मी खुर्चीतून अर्धी उठले. तिसरी अर्ध्यावर अडकली. चौथी बसलीच नाही. पूर्वीपेक्षा निम्म्यानेही वाकल्या नव्हत्या, पण हे त्या खोलीत सांगणार कुणाला? पूर्वीच्या कुणी पाहिल्या होत्या? तू पाहिल्या होत्यास. तू बोलली नाहीस.

बोललीस ते काय, तर, "ताईंच्या टाकीचा दोष नाही. तेलाचा स्वभावच तसा आहे."

तेवढं तू बोलायला नको होतंस. वाईट बोलली असतीस तर मी भांडले असते. तू चांगलं बोललीस आणि मला तिथे बसवेना. त्या मुलीने जेवायला थांबा म्हटलं तर मी कारखान्यात भट्टी चालू आहे म्हणून सांगितलं. भट्टी बंद होती. तू जेवलीस ना तिथे? जेवलीच असशील.

दारात तू माझा हात धरलास आणि विचारलंस, "हे कशाने भाजलं?" मी हात काढून घेतला. सांगते आता. नवी जाळी मी घाईत सोडली. क्रेनवाला म्हणत होता, ताई, पूर्ण बुडू द्या, मधेच थांबवू नका. मला रिंगा उभ्या राहतात का ते बघायचं होतं. अर्धी जाळी तेलात, अर्धी लाल वर, आणि तेलाने पेट घेतला. झाकण टाकून विझवलं. कुणाला काही झालं नाही, माझ्या हाताशिवाय. आप्पांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणतील, बारकीकडे आग लागायला तेलच नाही.

रिंगा आता सगळ्या तुझ्याकडे. त्या मुलीने आज सकाळी फोन करून कळवलं. मला 'ताई' म्हणाली. ताई म्हणायचं आणि काम काढून घ्यायचं, ही नवीन रीत दिसते.

पत्राला उत्तर पाठवू नकोस.

ताई


२९ जुलै

बारके,

पत्राला उत्तर पाठवू नकोस म्हटलं तर तू मलम पाठवलंस. पिवळी डबी, वर तुझी चिठ्ठी: 'दिवसातून तीनदा, पाणी लावू नये.' आप्पांच्या औषधांवर लावतेस तशीच. मी काय आप्पा आहे का?

आप्पांनी डबी पाहिली आणि झालं. "हात कधी भाजला? मला कसं नाही सांगितलं? बारकीला तिकडे बसून कळतं, आणि मी इथे घरात." मी म्हटलं, तुमचं लक्ष भिंतीकडे असतं. ते उठून खोलीत गेले. संध्याकाळी स्वतःच माझा हात ओढून घेऊन मलम लावलं. लावताना काय म्हणाले सांगू? "बारकीची निवड चांगली असते."

मलम चांगलं आहे. खपली धरली.

बाकी इकडे ठीक. रिंगा गेल्याने दुसरी टाकी बंदच असते. वेल्डरला नवं काम नाही म्हणून तो खूश आहे. तुझे भावोजी शाळेच्या स्पर्धेत पोरं घेऊन गेले, हरून आले, आणि जिंकल्यासारखे मिरवतात. मला म्हणाले, "पत्रात तिला काय काय ऐकवतेस, एकदा विचार तरी ती कशी आहे." म्हणून विचारते. कशी आहेस?

चष्मेवाली परवा येऊन गेली. पंपाचे मोठे शाफ्टही आता तुझ्याकडेच करायचे ठरतंय म्हणाली. तू नमुन्याचे चार करून दिलेस आणि ते छान निघाले म्हणे. शाफ्ट गेले तर माझ्याकडे काय राहतं ते तुला ठाऊक आहे, तूही इथेच शिकलीस. आप्पा काय म्हणाले असतील? "बरंच झालं, तुलाही जरा आराम." आराम!

शाफ्टच्या लोखंडाची नवी खेप आली आहे. तुला दाखवली असेलच. तुम्ही सगळं मशीनवर तपासूनच घेत असाल. मी काय सांगणार?

काही विचारायचं असेल तर विचार. नसेल विचारायचं तर माझं काय जातंय.

ताई


७ ऑगस्ट

बारके,

हे पत्र टेम्पोवाल्याकडे देताना मी त्याला बजावलं आहे की तुझ्या हातातच द्यायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही. बरोबर फडक्यात गुंडाळून एक चकती दिली आहे. शाफ्ट आडवा कापून काढलेली. आधी हे वाच, मग चकती बघ.

टेम्पोत आलेले शाफ्ट भट्टीत घालू नकोस.

तुला नमुन्याला दिलेले चार जुन्या खेपेतले होते. हे नव्या खेपेतले आहेत. नाव तेच, आराखड्यावर लिहिलेलं तेच, पण हे लोखंड दुबळं आहे. माझ्याकडे याच खेपेतले थोडे आधी आले होते, ते मी केले. वरून हार्डनेस बरोबर आली, पण पहिल्यापेक्षा जरा कमी. मला चैन पडेना म्हणून एक कापला. कडेला कडक, आणि मध्याकडे येता येता उतरत गेलाय, जेमतेम चालेल इतका. ते माझ्या तेलात. तुझा वारा तेलापेक्षा सावकाश निववतो, पातळ रिंगेला ते चालतं, मनगटाएवढ्या शाफ्टला या लोखंडात चालणार नाही. तू वरून तपासशील, काटा तुला बरं सांगेल, आणि आत गाभा मऊ राहील. मग पंप चालू झाल्यावर कधीतरी पीळ पडेल. पंप शहराच्या पाण्याचे आहेत. आणि शाफ्टवर तुझ्या कारखान्याचा शिक्का असेल, खाली तुझी सही.

चकती घासून, मधे तीन जागी बघ. मी खुणा केल्या आहेत.

हे मला मागचं पत्र लिहिलं तेव्हाच माहीत होतं. 'तुला दाखवली असेलच' असं मी जे लिहिलं ना, ते लिहिताना मला माहीत होतं. चकती तेव्हा माझ्या टेबलावर होती. तिच्यावर मी चहाचा कप ठेवत होते.

का नाही सांगितलं, हे विचारू नकोस, तुला कळलंच आहे. तुझी फजिती झालेली मला बघायची होती. मी सगळं मनात रचलं होतं. त्या पांढऱ्या खोलीत ती चष्मेवाली तुझा शाफ्ट कापते, तुझा चेहरा उतरतो, आप्पा भिंतीवरचा फोटो काढतात. तू घरी येतेस, दारात उभी राहतेस आणि मी म्हणते, "बस. चहा घेतेस का?" हे मी किती वेळा रचलं सांगता यायचं नाही. भाजी चिरताना, आंघोळ करताना. दर वेळी तुझ्या त्या येण्यापाशीच मी जास्त वेळ रेंगाळत होते. तुला आत कुठे बसवायचं, काय खायला द्यायचं, इथपर्यंत मी जात होते. फजितीचा भाग लवकर आटपायला लागला.

आज सकाळी टेम्पोवाला माझ्याच अंगणातून उरलेले शाफ्ट भरायला आला. आप्पा ओट्यावर बसून त्याला म्हणत होते, "सावकाश बांध रे, बारकीकडे जायचेत." त्याने दोरी आवळली, मागची फळी लावली, गाडी सुरू केली. मी खिडकीत उभी होते. गाडी फाटकाबाहेर गेली. मी पदर खोचून रस्त्यावर धावले. या वयात, तेलकट चपलांनी! वळणावर त्याने आरशात पाहिलं म्हणून थांबला. आता तो चहा पितो आहे आणि मी त्याच्या समोर बसून हे लिहिते आहे. मधेमधे विचारतो, "ताई, कुणी गेलं का?"

फोन केला होता. तू उचलला नाहीस. कामात असशील, किंवा माझं नाव बघून नसशील उचलला. दोन्ही बरोबर आहे.

आणखी एक. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी तुझी चूक काढलेली मला खपणार नाही. तो मान माझा आहे.

ताई


२५ ऑगस्ट

बारके,

तुझा फोन आला त्या दिवशी मी नीट बोलले नाही, कारण आप्पा शेजारी बसले होते. तूही 'हं' म्हणाली नाहीस, त्यामुळे माझी पंचाईत झाली. म्हणून पुन्हा कागद.

चष्मेवाली काल येऊन गेली. तिने सगळं सांगितलं. तू शाफ्ट थांबवलेस. मग मुद्दाम एक तुझ्या भट्टीत केलास, जास्तीत जास्त दाबाने, तरी कापल्यावर गाभा मऊ निघाला. आणि तो कापलेला तुकडा तू स्वतः नेऊन तिच्या टेबलावर ठेवलास. तुझे साहेब नको म्हणत होते ना? लोखंड बदलून घेऊ, वेळ काढू, काम हातचं घालवू नको, असं म्हणाले म्हणे. आणि तू म्हणालीस, रिंगा वाऱ्यात, शाफ्ट तेलात. आणि वर हेही म्हणालीस, "तेलात करणारी माझ्या ताईसारखी दुसरी मला माहीत नाही."

मुलगी हे सांगताना चष्मा पुसत होती. मी कपाट उघडून उगीच काहीतरी शोधत होते.

शाफ्टचं काम कायमचं इकडे आलं. दुसरी टाकी सोमवारी भरली. तेल तापायला लागलं तेव्हा क्रेनवाल्याने मला विचारलं, "ताई, पूर्ण बुडवू ना?" मी म्हटलं, "तोंड सांभाळ."

आता खरं सांगते, मला आनंद झाला आणि त्याच क्षणी तुझा रागही आला. मी धावत जाऊन तुला वाचवलं, तर तू उलट मला काम देऊन मोकळी! मोठेपणासुद्धा तूच घेऊन गेलीस. मी एकदाच कुठे मोठी व्हायला निघाले होते.

आणि आप्पा. मी त्यांना एवढंच सांगितलं की शाफ्ट परत आले. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बघ, बारकीचं मन किती मोठं. हातातलं काम सोडून तुला दिलं. असं कोण करतं हल्ली?"

मी कप असा आपटला की कान तुटून हातात आला. तुझ्या भावोजींना सगळं माहीत आहे, त्यांनी तोंड उघडलं. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर अशी टाच दिली की कवायतीचे मास्तर जागच्या जागी उडाले. आप्पा विचारतात, "काय झालं?" हे म्हणतात, "मुंगी."

का नाही सांगू दिलं? कारण मी सांगितलं, यांनी सांगितलं, तर आप्पा 'बरं' म्हणतील आणि पेपरचं पान उलटतील. माझं चांगलं वागणं या घरात रोजचं आहे, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझ्या तोंडून ती बढाई होते. तुझ्या तोंडून आली तर बातमी होईल.

तेव्हा असं कर. या रविवारी ये. नवी भट्टी घेण्याचं वगैरे बोलायचं असेल तर तेही बोलू, मी ओरडणार नाही असं वचन देत नाही, पण ऐकून घेईन. तुझी ती भट्टीही मला एकदा बघायची आहे, दार उघडतं तेव्हा. हे आप्पांना कळू देऊ नकोस.

आलीस की आधी त्यांच्याजवळ बस आणि सांग. सगळं सांग. मी आधी आठ-दहा दिवस गप्प बसले, तेही सांग, नाहीतर त्यांना खरं वाटायचं नाही. मग मी धावले ते सांग. रस्त्यावर, त्या चपलांनी. टेम्पोवाल्याला विचारलंस तर तो आणखी रंगवून सांगेल.

मी आत चहा करत असेन. स्वयंपाकघराचं दार उघडं असेल. जरा मोठ्याने सांग. आप्पांना हल्ली कमी ऐकू येतं, असं समज.

ताई